उस्तादाचे कान

सणाची सुट्टी लागायच्या आदल्या दिवशी दगडखाणीत शेवटचा सुरुंग उडायचा होता आणि मुकादमाला घरी जायची घाई झाली होती. घाई झाली की त्याचा आवाज चढत असे. वरच्या कडेवर उभं राहून त्याने दोनदा हाक मारली, "उस्ताद! अरे ए उस्ताद!"

खाली उस्ताद गुडघे टेकून भोकात दारू ठासत होता. त्याने मान वर केली नाही. त्याच्या पायाशी त्याची कुत्री, टिकली, पडली होती. मातकट रंगाची, कपाळावर पांढरा ठिपका असलेली. तिने कान उभे केले, वर पाहिलं, मग उठून आपलं ओलं नाक उस्तादाच्या पोटरीला लावलं. उस्तादाने लाकडी ठासणी बाजूला ठेवली, सावकाश कंबर सरळ केली, घाम पुसला आणि आत्ता कुठे सवड मिळाल्यासारखं वर बघून विचारलं, "काय म्हणता?"

"दोन हाका मारल्याशिवाय या माणसाची मान वळत नाही," मुकादम खडी भरणाऱ्या बायकांना म्हणाला. "उस्ताद पडले ना! आपण कोण?"

बायका खो खो हसल्या. उस्तादाची बायको वर क्रशरवर, दगडाची खडी करायच्या यंत्रावर, कामाला होती; ती तेव्हा डबा घेऊन खाली उतरत होती. तिला सगळी खाण उस्तादीण म्हणायची. तीही हसली. न हसून करते काय?

उस्तादाचे कान गेले होते. एकदम नाही, हळूहळू. आधी तो भांडी वाजलेली ऐकेनासा झाला, मग दाराची कडी, मग बायकोचा आवाज. दहा-बारा वर्षं डोंगर फोडला, त्या डोंगराने जाता जाता कान घेतले. सुरुंग उडाला की त्याला तळपायातून कळायचं, पण शिट्टी कळत नव्हती, हाक कळत नव्हती, मागे सरकणारा डंपर कळत नव्हता. समोर उभं राहून बोललं तर ओठांवरून तो बरंच ओळखायचा. बाकी काम टिकली करत होती. पिल्लू असताना त्यानेच तिला खाणीत आणलं होतं आणि वळण लावलं होतं. कुणी हाक मारली, वरून दगड सुटला, गाडी मागे आली, की तिचं नाक पोटरीला लागे. मुकादमाने दोन आखूड शिट्ट्या मारल्या की ती उठून आडोशाला पळे. ती पळाली म्हणजे खाण रिकामी झाली, असं समजून उस्ताद वात पेटवी आणि तिच्या मागोमाग जाई. सुरुंग उडाल्यावर उस्ताद एकटा आत जाऊन बघून येई, हात हलवी आणि मग मुकादम एक लांब शिट्टी मारी. ती लांब शिट्टी होईपर्यंत टिकली आडोशातून पाऊल बाहेर टाकत नसे. उस्तादाने स्वतः बोलावलं तरी नाही. हे त्यानेच तिच्या अंगी मुरवलं होतं.

ही गोष्ट फक्त नवरा-बायकोला ठाऊक होती. खाणीतली माणसं उस्तादाला गर्विष्ठ समजत. समजू देत, उस्तादीण म्हणायची. गर्विष्ठ माणसाला कामावरून कुणी काढत नाही. बहिऱ्या सुरुंगवाल्याला मात्र दुसऱ्या दिवशी काढलं असतं, आणि राहायची खोलीही खाणीचीच होती.

त्या संध्याकाळी ती उस्तादासमोर बसली, दिव्याचा उजेड आपल्या तोंडावर पडेल अशी, आणि म्हणाली, "उद्या टिकलीला आतल्या खोलीत ठेवू या."

"कशाला?"

"फटाके उडवतील. भावोजी खोकं भरून आणतात, माहीत आहे ना तुम्हाला?"

उस्ताद हसला. "अगं, सुरुंगाची कुत्री ती. तिच्या डोळ्यांदेखत डोंगर फुटतो, आणि पोराटोरांच्या फटाक्याला घाबरेल होय?"

"परवा हातातून पातेलं पडलं तर ओट्याखाली जाऊन बसली. अर्धा दिवस बाहेर आली नाही."

"त्या दिवशी पोट बिघडलं होतं तिचं."

"पोट नव्हतं बिघडलं. अहो, सुरुंगाच्या आधी शिट्टी होते. तिला कळतं, आता होणार आहे. फटाक्याच्या आधी कोण शिट्टी वाजवतं?"

उस्ताद उठून टिकलीला भाकरी घालायला गेला. त्याला ओठ कळले नाहीत की म्हणणं पटलं, हे तिला समजलं नाही. वस्तीत कुणाचंच त्याच्याहून वेगळं मत नव्हतं. शेजारची क्रशरवाली तर म्हणाली, "तुझ्या टिकलीला फटाका दिला तर तीच पेटवेल." गेल्या सणाला वस्तीत मयत होती म्हणून कुणी फटाके उडवले नव्हते, आणि त्याच्या आधी टिकली इथे नव्हतीच. पण त्या आधीच्या सणाला क्रेनवाल्याचा कुत्रा फटाक्यांना भिऊन उधळला होता आणि रस्त्यावर ट्रकखाली आला होता. त्याला फावड्याने उचलावं लागलं होतं. उस्तादिणीने ते पाहिलं होतं आणि तिला ते विसरता येत नव्हतं.

सणाच्या दिवशी सकाळीच ती कामाला लागली. आतली खोली म्हणजे धान्याचे डबे आणि अंथरुणं ठेवायची जागा. एकच खिडकी, तीही हातभर. त्या खिडकीत तिने पोती कोंबली, त्यावर गादी उभी लावली. कोपऱ्यात पाण्याचं भांडं ठेवलं, उस्तादाचा घामट सदरा पसरला, म्हणजे वास ओळखीचा राहील. टिकलीला लांबवर फिरवून आणलं, नेहमीपेक्षा आधी खायला घातलं आणि आत सोडून वरची कडी लावली. टिकली दाराशी थोडं कुरकुरली आणि सदऱ्यावर जाऊन बसली. उस्तादिणीला जरा हायसं वाटलं. मग ती स्वयंपाकाकडे वळली, कारण पाहुणे वाटेवर होते.

पाहुणे म्हणजे उस्तादाचा थोरला भाऊ, त्याची बायको आणि दोन मुलं. थोरला ट्रक चालवायचा आणि घरातही ट्रकमध्ये बसल्यासारखाच ओरडून बोलायचा. मनाने वाईट नव्हता, पण दुसऱ्याला काय होतंय हे त्याला सांगितल्याशिवाय कळत नसे, आणि सांगितलं तर तो हसे. आल्या आल्या त्याने फटाक्यांचं खोकं दारात आपटलं. "तुझ्याकडे एवढी दारू, आणि घरात एक फुसका बार नाही! धाकट्या, तुला मजा करताच येत नाही."

उस्ताद भावाच्या तोंडाकडे बघत होता. "प्रवास बरा झाला ना, दादा?" तो म्हणाला.

"ऐका! मी काय बोलतो, हा काय बोलतो."

उस्तादीण पटकन पुढे झाली. "भावोजी, हात-पाय धुऊन घ्या. पाणी तापवून ठेवलंय."

जाऊबाईंनी कडी लावलेलं दार पाहिलं. "आत कोण आहे गं?"

"कुत्री आहे. आवाजाला घाबरते म्हणून ठेवली."

"मला वाटलं, आम्ही चावतो म्हणून तिला कोंडलीस." जाऊबाई हसल्या, पण ते हसू ओठांपाशीच राहिलं.

दुपारची जेवणं झाली. धाकटी मुलगी दाराच्या फटीतून मटणाचं हाड आत सरकवत होती. मोठ्याच्या हातात अर्धी मिठाई होती. उस्तादिणीने धावत जाऊन दोन्ही काढून घेतलं. शिजलेलं हाड कडाकडा मोडतं आणि त्याचे तुकडे कुत्र्याच्या घशात रुततात. गोडाने पोट जातं, आणि कोंडलेल्या जनावराचं पोट गेलं तर करायचं काय? तिने हे सांगायला तोंड उघडलं, तोवर मुलगी रडायला लागली होती.

"असू दे गं, बाळा," जाऊबाई म्हणाल्या. "आपल्या हातचं काकूच्या कुत्रीला चालत नाही. आपल्या हाताला विष आहे."

"तसं नाही हो जाऊबाई..."

"नाही नाही. तुमचं घर, तुमची कुत्री."

उस्तादिणीने मुलीला जवळ घेतलं, दुसरी मिठाई दिली, जाऊबाईंची माफी मागितली. एका कुत्रीपायी भरल्या घरात माफी मागायची वेळ आली, याचा तिला राग आला, आणि राग कुणावर काढावा हे न कळून तिने खरकटी भांडी घासायला घेतली.

उन्हं कलली तसा मुकादम आला. सणाला मालकाकडची मिठाई घेऊन तो प्रत्येक खोलीत जायचा आणि घटकाभर टेकायचा. त्याला खिडकीजवळची खुर्ची मिळाली. उजेड त्याच्या पाठीकडून येत होता, तोंड काळोखात होतं आणि त्यावर ती घोड्याच्या शेपटीसारखी मिशी. त्या मिशीखाली ओठ हलतात की नाही हेच दिसत नसे. उस्ताद समोर बसला. उस्तादिणीने स्वयंपाकघराच्या दारातून पाहिलं आणि हातातली भांडी खाली ठेवली.

"उस्ताद, सुट्टीनंतर वरची कड घ्यायची म्हणतात मालक," मुकादम म्हणाला. "जड काम आहे. जमेल ना?"

उस्तादाने मिठाईची ताटली उचलून पुढे केली. "घ्या की! लाजताय काय एवढं?"

थोरला खदखदून हसला. मुलंही हसली. मुकादमाने ताटलीकडे पाहिलं, मग उस्तादाकडे पाहिलं.

"चेष्टा करतो का माझी?"

"आणखी आणायला सांगू?" उस्ताद म्हणाला.

आता थोरलाही हसायचा थांबला. उस्तादाने सगळ्यांच्या तोंडांकडे पाहिलं, काहीतरी चुकलं हे त्याच्या लक्षात आलं, पण काय चुकलं हे कळायला मार्ग नव्हता. तो उठला आणि थेट आतल्या खोलीच्या दाराशी गेला. उस्तादीण आडवी आली.

"नका ना," ती ओठ हलवून, आवाज न काढता म्हणाली. "आता फटाके सुरू होतील."

"मला ती पाहिजे," तो पुटपुटला. "कोण बोलतंय तेच मला कळत नाहीये. सगळ्यांच्या तोंडाकडे किती वेळा बघू?"

तिने त्याच्याकडे पाहिलं. स्वतःच्या घरात, स्वतःच्या माणसांत त्याच्या कपाळावर घाम आला होता. तिने बाजूला होऊन स्वतःच्या हाताने कडी काढली.

टिकली बाहेर आली, अंग झाडलं आणि उस्तादाच्या पायाशी बसली. मग सगळं सोपं झालं. ती कान वळवी, तिकडे उस्ताद बघे. मुकादम बोलायला लागला की तो वाकून ऐकल्यासारखं करी, आणि उस्तादीण मुकादमाच्या मागे, खिडकीचा उजेड तोंडावर पडेल अशी बाजूला उभी राहून पाणी देण्याच्या निमित्ताने ओठ हलवी, "वरची कड. जमेल का?" उस्ताद म्हणाला, "वरची कड काय, अख्खा डोंगर घ्या." मुकादमाचा चेहरा निवळला. मग उस्तादिणीने पुढचं दार लोटून घेतलं, थोरल्यापाशी गेली आणि हात जोडून म्हणाली, "भावोजी, मी टिकलीला पुन्हा आत घालेपर्यंत तेवढे फटाके नकोत."

"बरं बाई. तुझ्या कुत्रीचा हुकूम!"

थोरला शब्दाला जागला, पण वस्तीने थोडाच शब्द दिला होता! मुकादम उठला, त्याने दार उघडलं, आणि त्याच क्षणी समोरच्या खोलीपुढे कुणीतरी माळ लावली. उस्तादिणीने टिकलीच्या मानेकडे हात टाकला, तो हवेतच राहिला. टिकली मुकादमाच्या दोन पायांमधून सुटली, मुकादम उंबऱ्यावर धपकन बसला, ताटली उलटली आणि मिठाई घरभर झाली. टिकली ओरडली नाही, मागे पाहिलं नाही. शेपूट पोटाशी घेऊन, पोट जमिनीला घासत ती गल्लीतून गेली.

"मघाशी मिठाई चारत होता," मुकादम कपडे झटकत म्हणाला. "आता कुत्रं अंगावर सोडलं. सण चांगला साजरा केलास, उस्ताद."

उस्तादाला हे ऐकू आलं नाही, आणि या वेळी ते बरंच झालं. तो चपला न घालता बाहेर पडला होता. उस्तादीण त्याच्या मागे धावली. टिकली कुठे गेली असेल हे दोघांनाही ठाऊक होतं. सुरुंगाच्या वेळी जिथे जायचं तिला शिकवलं होतं, तिथेच.

अजून दिसत होतं. खाणीत उतरायची वाट पांढुरकी दिसत होती, पाण्याचा खड्डा काळा. तळाशी आडोसा होता, जुन्या डंपरचा लोखंडी हौदा पालथा घालून केलेला. उस्तादीण ओणवी होऊन आत डोकावली. अगदी मागच्या कोपऱ्यात टिकली होती. सगळं अंग थरथरत होतं, तोंडातून लाळ गळत होती. "ये गं, ये माझी बाई," उस्तादिणीने हात पुढे केला. टिकलीने तिच्यावर दात दाखवले. आजवर तिने असं कधी केलं नव्हतं.

उस्तादाने बोलावलं. ती आली नाही. पुन्हा बोलावलं.

"येणार नाही ती," तो म्हणाला. "मीच शिकवलंय. लांब शिट्टी झाल्याशिवाय यायचं नाही." त्याच्या खिशात एक जुनी शिट्टी होती, तिला शिकवतानाची. ती त्याने बायकोच्या हातात दिली. "तू वाजव. मला अंदाज येत नाही. आधी नीट ऐक. फटाके संपले का?"

तिने वस्तीकडे कान दिला. मघाचा कडकडाट थांबला होता. कुठे एखादं पोर ओरडत होतं, कुणाचा तरी रेडिओ लागला होता. माणसं जेवायला बसली असणार. तिला घरी ताटं वाढायची राहिली होती, जाऊबाई काय म्हणत असतील ते ऐकू येत होतं. आणखी थोडं थांबायला हवं होतं, जेवणं उरकून लोक पुन्हा बाहेर येणार हे तिला माहीत होतं. पण ती थांबली नाही.

"संपले," ती म्हणाली आणि तिने लांब शिट्टी मारली.

टिकलीचे कान उभे राहिले. थरथर एकदम गेली नाही, पण ती उठली. आधी नाक बाहेर आलं, मग पुढचे पाय. लांब शिट्टी झाली म्हणजे झालं, आता काही होणार नाही, एवढं तिला जगात पक्कं माहीत होतं. ती उघड्यावर आली आणि उस्तादाकडे चालत निघाली. शेपटी जराशी हलली.

तेवढ्यात वरच्या कडेवरून आवाज आला, "सापडली का रे? झकास! आता बघा, खाणीत कसा घुमतो!"

थोरला त्यांच्या मागोमाग आला होता. काळजीनेच आला होता. कुत्री सापडलेली बघून त्याला आनंद झाला आणि आनंद झाला की त्याचा हात खिशात जायचा. खिशात एक सुतळीबॉम्ब होता, तो त्याने पेटवला. उस्तादिणीने वर पाहून "नको!" म्हणून किंकाळी फोडली, तोवर तो त्याच्या हातून सुटला होता. तो हवेतच फुटला. चारी बाजूंच्या दगडांनी तो आवाज एकमेकांकडे फेकला. उस्तादाला तळपायात काहीच जाणवलं नाही. त्याला फक्त दिसलं, की टिकली जागच्या जागी उडाली, एकदा त्याच्याकडे पाहिलं, आणि आडोशाकडे न जाता, वस्तीकडेही न जाता, उलट्या दिशेने दगडांवरून सुसाट पळत सुटली.

दुसऱ्या दिवशी दुपारी ती परत आली. थोरला सकाळीच निघून गेला होता. "मी काय मुद्दाम केलं?" तो जाताना म्हणाला, "कुत्रंच आहे, भूक लागली की येईल." टिकलीच्या चारी पंजांची कातडी सोलली होती. ती खाटेखाली शिरली. उस्तादिणीने हळद लावली, फडकी बांधली. खाटेखाली हात घालून, तोंडापाशी भांडं नेऊन तिला पाणी पाजावं लागलं.

सुट्टी संपली. उस्तादाने टिकलीला दोरी बांधली आणि जवळजवळ उचलूनच खाणीत नेलं. भोकं भरून होईपर्यंत ती त्याच्या पायाशी पडून राहिली, पण तिचे कान मागे चिकटले होते, ते कशालाच वळत नव्हते. मग मुकादमाने दोन आखूड शिट्ट्या मारल्या. टिकली उठली नाही. ती जमिनीला चपटी झाली आणि तिच्याखाली ओल पसरली. शिट्टी झाली की नाही हे उस्तादाला कळेना. तो दोरी ओढू लागला, तशी तिने त्याच्या मनगटात दात रोवले.

मुकादम धावत खाली आला. "वेड लागलंय का तुझ्या कुत्रीला? शिट्टी होऊन किती वेळ झाला, तू इथे काय उभा? उद्यापासून हे जनावर खाणीत नको."

रात्रभर मनगट ठणकत होतं. उस्तादाने टिकलीला मारलं नाही. खाटेवर बसून तो एवढंच म्हणाला, "खोटी शिट्टी वाजली. आता ती कशी विश्वास ठेवेल?" त्याने बायकोला दोष दिला नाही, पण शिट्टी कुणी वाजवली होती हे दोघांनाही माहीत होतं. तिला वाटलं, त्याने रागाचे दोन शब्द बोलायला हवे होते.

सकाळी ती मुकादमाकडे गेली आणि क्रशरवरून खाली, उस्तादापाशी पाट्या उचलायला लावा म्हणून विनवलं. कारण विचारलं तर म्हणाली, क्रशरच्या धुळीने छाती भरते. ते खोटंही नव्हतं. मुकादमाने होकार दिला.

मग टिकलीचं काम उस्तादीण करू लागली. ओच्यात तिने बारीक खडे ठेवले. कुणी हाक मारली, गाडी मागे आली, शिट्टी झाली, की पाटी भरता भरता ती एक खडा उस्तादाच्या पोटरीवर मारायची. नेम चुकून चालणार नव्हतं. पहिल्या दिवशी कुणाच्या लक्षात आलं नाही. दुसऱ्या दिवशी बायका खुसखुसू लागल्या. "काय गं, एवढा राग? घरी मारायला वेळ मिळत नाही का?" एक जण म्हणाली, "राग कसला, लाडात आलीय." उस्तादीणही हसली. संध्याकाळपर्यंत तिचा खांदा भरून यायचा आणि कानांना दडे बसल्यासारखं व्हायचं, कारण दिवसभर ती दोन माणसांचं ऐकत होती. घरी गेल्यावर खाटेखालच्या टिकलीकडे बघवत नसे.

मुकादमाने ते पाहिलं. तो मूर्ख नव्हता. त्याला मिठाईची ताटली आठवली असेल, दोन-दोन हाका आठवल्या असतील.

त्या दिवशी वरच्या कडेची भोकं भरायची होती. उस्ताद पाठमोरा बसून ठासत होता. मुकादम सावकाश चालत आला आणि त्याच्या मागे, चार पावलांवर उभा राहिला. उस्तादिणीने ओच्यात हात घातला. मुकादमाने तिच्याकडे पाहिलं आणि एक बोट उचललं. थांब.

"उस्ताद," तो म्हणाला.

ठासणी खाली-वर होत राहिली.

"उस्ताद!" आता तो मोठ्याने म्हणाला. पाट्या भरणाऱ्या बायकांचे हात थांबले. डंपरवाल्याने इंजिन बंद केलं. उस्तादिणीच्या मुठीत खडा होता. तो मारायला मनगट नुसतं हलवायचं होतं. मुकादमाचं बोट अजून वर होतं.

"उस्ताद, उद्यापासून कामावर येऊ नकोस."

उस्तादाने भोकात बोट घालून दारू सारखी केली, वाकून फुंकर मारली आणि ठासणी पुन्हा आत घातली. त्याच्या मानेवर ऊन पडलं होतं. कुणी हसलं नाही. मुकादमाचंच तोंड उतरलं. त्याने बोट खाली घेतलं, उस्तादिणीजवळ येऊन हळूच म्हणाला, "या कामात माणसं मरतात, बाई. मी काय करू?" आणि तो उलट्या पावली निघून गेला.

उस्तादीण पाटी टाकून नवऱ्याच्या समोर गेली आणि त्याला तोंड दिसेल अशी बसली. बोलायची वेळ आलीच नाही. उस्तादाने तिच्या तोंडाकडे पाहिलं, मग सगळीकडे पाहिलं. थांबलेले हात, बंद डंपर, आणि वाटेवरून लांब जाणारी मुकादमाची पाठ. माणसांची तोंडं वाचण्यातच त्याची कितीतरी वर्षं गेली होती.

"कळलं त्यांना," तो म्हणाला.

तिने मान डोलावली.

"किती हाका मारल्या?"

"दोन. मग सांगितलं, उद्यापासून येऊ नको."

"तू इथेच होतीस?"

"हो."

"मग खडा का नाही मारलास?"

तिच्या मुठीत खडा होता. दगडाची धार तळव्यात रुतली होती. "त्यांनी बोट वर केलं," ती म्हणाली. "थांब म्हणाले."

"आणि तू थांबलीस?"

ती रडायला लागली. उस्तादाने तिच्या डोक्यावर हात ठेवला नाही, रागावलाही नाही. त्याने ठासणी पुसली आणि मांडीवर आडवी धरली.

"टिकली थांबली नसती," तो म्हणाला.

भरलेली भोकं तशीच सोडून जाता येत नाहीत. अजून दोन राहिली होती. उस्तादाने तिच्याकडे पाठ केली, गुडघे टेकले आणि पुढचं भोक भरायला घेतलं.